डॉक्टरबाईंचे बुधवार

खोली बघायला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी मला आधी तोंड उघडायला सांगितलं. भाडं किती, किचन कोणी कधी वापरायचं, हे सगळं नंतर. मी लंडनमधल्या पिनरच्या त्या घराच्या दारात दोन्ही हातांत बॅगा घेऊन उभी, आणि समोर जेमतेम पाच फूट उंचीच्या, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई चष्मा कपाळावर ढकलून म्हणतायत, "मोठं उघड. जीभ बाहेर. आता मान मागे." मी निमूटपणे केलं. पुण्याहून येऊन फार दिवस झाले नव्हते आणि इथल्या घरमालकांच्या काय काय पद्धती असतात याची मला काहीच कल्पना नव्हती. त्यांनी माझ्या हनुवटीखाली बोटं लावून अंतर बघितलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाल्या, "छान आहे. तुला नळी घालायला काही त्रास होणार नाही. ये आत."

बाई आयुष्यभर भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. नागपूरला शिकल्या, लग्न करून इकडे आल्या आणि पुढची सगळी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना झोपवण्यात आणि उठवण्यात घालवली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण नजर गेली नव्हती. नवा माणूस दिसला की त्याच्या घशात नळी सहज जाईल की नाही, हे बघितल्याशिवाय त्यांना पुढचं बोलणं सुचायचं नाही. पोस्टमन, बॉयलरवाला, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळे या परीक्षेतून गेलेले. एकदा आम्ही मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो होतो. प्रमुख पाहुणे मराठी संस्कृतीवर तळमळीने बोलत होते आणि बाई माझ्या कानात म्हणाल्या, "मान फार आखूड आहे गं याची. मी तर हा घेतलाच नसता."

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं की काकू म्हणू का. त्या म्हणाल्या, "काहून? तुझ्या कोणत्या काकाशी लग्न केलं मी?" मावशीलाही हेच उत्तर. तोंडदेखल्या नात्यांचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. मंडळातली सगळी पोरं त्यांना आजी म्हणायची आणि त्या प्रत्येकाला थांबवून सांगायच्या की मला नातवंड नाही, मला डॉक्टर म्हण. मला यात जरा तुसडेपणा वाटायचा. नंतर लक्षात आलं की त्यांच्या लेखी नातं ही अंगावर घ्यायची जबाबदारी होती, आणि ती अशी सोफ्यावर बसल्या बसल्या वाटत सुटायची त्यांची तयारी नव्हती.

त्यांचा राग ओळखायलाही मला वेळ लागला. बाकी माणसं रागावली की आवाज चढतो, बाईंचा उतरायचा. एकदा कचरा उचलणारा कौन्सिलचा माणूस तुम्ही चुकीचा डबा बाहेर ठेवलात म्हणून हुज्जत घालायला आला, तर त्या इतक्या मऊ आवाजात बोलायला लागल्या की त्याला वाटलं बाई फार प्रेमळ आहेत. तो दाराच्या चौकटीला टेकून हळूहळू गप्प झाला आणि दोन्ही डबे घेऊन गेला. मी विचारलं, काय केलंत? म्हणाल्या, "काही नाही. डोस वाढवत नेला."

आता त्यांच्या बुधवारांबद्दल सांगायचं तर आधी पुढच्या अंगणातल्या झुडपाबद्दल सांगायला हवं. उन्हाळा लागला की त्याला नारिंगी रंगाचे, लाडवासारखे गोल गोल फुलांचे गुच्छ यायचे. बाईंना त्याचं नाव माहीत नव्हतं. आधीच्या मालकांनी लावलेलं होतं, त्या त्याला बुंदीचं झाड म्हणायच्या.

एका शनिवारी सकाळी बाईंनी मला खिडकीशी बोलावलं. कुंपणाबाहेर पन्नाशीची एक बाई उभी होती, रुंद चेहऱ्याची, केसांची घट्ट वेणी, एका हाताला रुमाल गुंडाळलेला. ती झुडपाकडे तोंड करून काहीतरी बोलत होती. फोनवर नव्हती. बाईंनी खिडकी उघडून विचारलं की कोणाशी बोलताय. ती शांतपणे म्हणाली, "याच्याशी. चार पानं हवी आहेत, घेऊ का, असं विचारतेय."

"झुडूप माझं आहे," बाई म्हणाल्या.

"हो. याचं झालं की तुम्हाला विचारणारच होते."

झुडपाच्या नंतर आपला नंबर लागतो हे बाईंना अजिबात आवडलं नाही, पण बोलण्यातला नेमकेपणा मात्र आवडला. त्यांनी तिला आत घेतलं. ती होती चिलीची. तिथल्या मापुचे नावाच्या लोकांतली. हे लोक त्या भूमीचे मूळचे रहिवासी, आणि आमचं बुंदीचं झाड म्हणजे त्यांच्याकडचं जखमेवरचं जुनं औषध. तिचा हात इस्त्रीने भाजला होता. ती हॅरोला राहायची, शाळेत स्पॅनिश शिकवायची आणि तिची आजी माची होती. माची म्हणजे त्यांच्याकडची मोठी उपचार करणारी, जिला स्वप्नात बोलावणं येतं, जिच्याकडे ढोल असतो. "मी माची नाही," हे तिने पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं. "मला फक्त झाडपाला कळतो. ते वेगळं." बाई म्हणाल्या की झाडपाला नंतर, आधी हात दाखव. तिची जखम स्वतः सलाइनने धुतली, बघितली, खोल नाही अशी खात्री करून घेतली आणि मगच पानं लावायची परवानगी दिली. म्हणजे झाडाची, मालकिणीची आणि वैद्यकशास्त्राची, अशा तिन्ही परवानग्या मिळाल्यावर तो उपचार झाला. जाताना तिने झुडपाच्या बुंध्याशी पावाचा एक तुकडा ठेवला. घेतलं तर काहीतरी द्यायचं असतं म्हणे.

बाई त्यावर खूप हसल्या. पण दुसऱ्या दिवशी पोहे करताना कुंडीतला कढीपत्ता तोडण्याआधी त्या हळूच "एक्सक्यूज मी" म्हणाल्या, आणि मी ऐकलं.

दुसरे होते सिन्से. पेनांगकडे चिनी वैद्याला सिन्से म्हणतात आणि बाई त्यांना तेच म्हणायच्या. ते तरुणपणी मलेशियातून नर्स म्हणून इकडे आले आणि बाईंच्याच थिएटरमध्ये अनेक वर्षं त्यांच्या उजव्या हाताला उभे राहिले. वडिलांचं पेनांगला औषधी मुळ्यांचं दुकान होतं. वडील वारल्यावर यांनी हॉस्पिटल सोडलं, रीतसर शिकून परीक्षा दिल्या आणि हाउन्सलोत एका गल्लीत स्वतःचं दुकान काढलं. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकात वाळवलेलं काहीतरी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. इस्त्रीचा शर्ट, वर करडा लोकरीचा स्वेटर, आणि इतके सभ्य की कोणाबद्दल वाईट शब्द म्हणून तोंडातून निघायचा नाही. बाईंचे पोहे कच्चे राहिलेत हे मला कळायचं, बाईंनाही कळायचं, सिन्से मात्र दोनदा घ्यायचे.

आणि सिन्सेंना वास येत नव्हता.

हे मला कोणी सांगितलं नाही, मी बघून ओळखलं. कोविडनंतर कधीतरी बाई दर शनिवारी हाउन्सलोला त्यांच्या दुकानात "जरा मदतीला" जायला लागल्या होत्या. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. सिन्से एक खण उघडायचे, मूठभर काप काढून सवयीने नाकाशी न्यायचे आणि मग बाईंच्या तोंडाकडे बघायचे. बाई वास घ्यायच्या, विचार करायच्या आणि म्हणायच्या, गोडसर आहे. किंवा म्हणायच्या, उग्र. गोडसर वासाची आणि उग्र वासाची, अशा त्या दोन मुळ्या वाळवून काप केले की दिसायला इतक्या सारख्या की मला तर फरकच कळेना, आणि एकीच्या जागी दुसरी दिली तर पेशंटला भलतंच व्हायचं. परत येताना गाडीत मी विचारलं, "सिन्सेंचं नाक गेलंय ना?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाल्या, "कोणी मला डॉक्टर म्हणून काही सांगितलं असेल, किंवा नसेलही. दोन्हीचं उत्तर तुला एकच मिळेल." मी लगेच विषय बदलला.

पण गोष्ट साधी नव्हती. ज्या वैद्याला आपल्या औषधाचा वास येत नाही त्याच्याकडे कोण येणार? सिन्से पेशंटना माल संपलाय सांगून परत पाठवायला लागले होते. दुकान बंद करून पेनांगला भाचीकडे जाऊन राहायचं मनात होतं त्यांच्या. आणि बाईंचं नाक त्यांच्या कामाचं नव्हतं, हे बाईंनाही कळत होतं. भुलीच्या गॅसचा वास त्या कॉरिडॉरमधून ओळखायच्या, पण मुळ्यांच्या बाबतीत त्या अंदाजच बांधत होत्या. त्यांची झोप उडाली होती. "सारखी भीती वाटते गं," एकदा त्या इतकंच म्हणाल्या.

अशात ती चिलीची बाई आली, आणि आठवड्याभरात बुधवारची परिषद जाहीर झाली.

परिषद हा बाईंचा शब्द. दर बुधवारी संध्याकाळी, त्यांच्या किचनमधल्या टेबलावर, चिनी आणि मापुचे वैद्यकाची विचारांची देवाणघेवाण. अध्यक्ष बाई. श्रोत्यांत मी. वरून सगळं फार उदात्त होतं. आतली व्यवस्था अशी, की सिन्सेंनी आपल्या दुकानातली औषधं पाहुणीला "दाखवायला" आणायची, पाहुणीने एकेक हुंगून तिला काय वाटतं ते सांगायचं, आणि सिन्सेंनी ते ऐकून कुठला माल चांगला, कुठला शिळा, कुठला भलत्याच खणात पडलाय, हे मनात नोंदवून घ्यायचं. कोणी कोणाला काही सांगायचं नाही, कोणी काही विचारायचं नाही. भूल देणाऱ्या माणसाला शोभेल असाच बेत होता तो.

पहिल्या बुधवारी मला सर्दी झाली होती, म्हणून परिषदेला पेशंट म्हणून मीच आयती मिळाले. बाईंनी घसा बघितला आणि म्हणाल्या, व्हायरल आहे, पॅरासिटमॉल घे. सिन्सेंनी माझी दोन्ही मनगटं तीन-तीन बोटांनी बराच वेळ धरली, जीभ बघितली आणि सांगितलं की बाहेरची थंडी आत शिरलीय, ती बाहेर काढायला आलं हवं. चिलीच्या बाईने घसाही बघितला नाही आणि जीभही नाही. तिने विचारलं की काल स्वप्नात कोण आलं होतं. मी म्हटलं, आई. ती म्हणाली, "मग फोन कर." मी गोळी घेतली, आल्याचा चहा प्यायले आणि आईला फोन केला. सर्दी गेली, आणि ती कोणामुळे गेली यावर पुढचे दोन बुधवार वाद झाला.

वाद मजेचे असायचे. सिन्से प्रत्येक वनस्पतीला उष्ण की थंड ते विचारायचे. तिच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळाच, हे कुठे उगवलं आणि तोडताना त्याला कोणी विचारलं का. सिन्से प्रामाणिकपणे म्हणायचे की गोडाउनमधून येतं, बॉक्समध्ये. ती त्या बॉक्सकडे अशा नजरेने बघायची की सिन्से ओशाळून चहा घ्यायचे. तिने एकदा कुंडीतल्या एका झाडाची पानं आणली, तिच्या लोकांत ते झाड पवित्र मानतात. पान चुरडलं की मिरीसारखा झणका. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, बाई शिंकल्या. सिन्से हसून म्हणाले, फार सौम्य आहे. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि उरलेली पानं रुमालात गुंडाळली.

एका गोष्टीवर मात्र तिघांचं पहिल्याच दिवशी एकमत झालं होतं. सिन्से म्हणाले, आमच्याकडे वैद्य कधी आपणहून कोणाच्या दारात जात नाही, दुखणेकऱ्याने यावं आणि सांगावं. चिलीची बाई म्हणाली, आमच्याकडेही तेच, मागितल्याशिवाय औषध नाही. तो स्वतः येऊ शकत नसेल तर घरच्या माणसाने त्याच्या अंगातला कपडा घेऊन यावं आणि त्याच्या वतीने मागावं. माची तो कपडा बघून आजार ओळखते. मला ते येत नाही, पण मागायची रीत तीच. बाई म्हणाल्या, आमच्याकडे याला कन्सेंट म्हणतात, सहीशिवाय मी सुईसुद्धा टोचली नाही कोणाला. तिघांनी मोठ्या आनंदाने चहाचे कप एकमेकांना लावले. याच एकमताने पुढे सगळे अडकले.

शरद ऋतूत एका बुधवारी परिषद संपल्यावर ती किचनमध्ये मागे थांबली. सिन्से गाडीकडे गेले होते. ती बाईंना म्हणाली, "पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही."

बाईंनी कारण विचारलं.

"मी चार पानंसुद्धा विचारल्याशिवाय घेत नाही. इथे दर बुधवारी कोणीतरी माझं नाक न विचारता घेऊन जातंय." तिच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटलं होतं तिला. "त्याला काय झालंय ते मला कळतं. माझ्याकडे देण्यासारखं आहे की नाही, माहीत नाही. पण त्याने मागायला हवं."

बाईंना हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. सिन्सेंनी जे सांगितलं होतं ते डॉक्टरला सांगितलं होतं. इतकी वर्षं जपलेला तो धर्म आता किचनमधल्या टेबलाशी मोडायचा कसा? त्या म्हणाल्या, "अजून एक बुधवार ये. दिवाळी आहे. जेवायला ये." ती म्हणाली, एकच.

तो आठवडा घरात वाईट गेला. बाई इतक्या मऊ आवाजात बोलत होत्या की मला भीती वाटायला लागली. शनिवारी त्या हाउन्सलोहून परत आल्या आणि कोटही न काढता जिन्यावर बसल्या. सिन्सेंनी दुकानाच्या मालकाला सांगून टाकलं होतं की वर्षअखेरीला जागा सोडतो. मी म्हटलं, तुम्हीच समजावा ना त्यांना, की तिच्याकडे मागा म्हणून. बाई म्हणाल्या, "समजावलं. म्हणाले, वैद्याने वैद्याकडे हात पसरले की त्याच्याकडे लोक कशाला येतील. थिएटरमध्ये माझ्या हातून एकदा चूक होता होता राहिली, ती या माणसाने पकडली आणि आजतागायत तोंडातून ब्र काढला नाही. आता मी त्याचं गुपित फोडू?" आणि मग त्या रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. मी शेजारी जाऊन बसले.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी एकाएकी विचारलं, "ए, ओवाळताना आधी निरांजन फिरवायचं की सुपारी?"

त्या चौघी बहिणी. भाऊ नाही. उभ्या जन्मात त्यांनी कोणाला ओवाळलं नव्हतं, आणि मलाही क्रम नक्की आठवेना. पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने तिकडून ताम्हण दाखवत सगळं समजावून सांगितलं. आधी कुंकू, मग अक्षता, मग अंगठी आणि सुपारी, मग निरांजन. कोणाला ओवाळणार असं आईने विचारलं. बाई म्हणाल्या, "एका चिनी माणसाला." आई म्हणाली, "मग त्यांना तुम्हाला ताई म्हणायला शिकवा." भाऊबीज खरं तर गुरुवारी होती. पण इथे आम्ही सगळेच सण सुट्टी बघून करतो, तेव्हा बाईंची भाऊबीज बुधवारी आली.

सिन्से नेहमीच्या वेळी आले, तोच करडा स्वेटर. चिलीची बाई आधीच टेबलाशी बसली होती, तिच्या हातात निरोपाचा म्हणून आणलेला केक. बाईंनी सिन्सेंना खुर्चीत बसवलं, कारण पाटावर बसायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. मी निरांजन लावलं. बाईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. हजारो लोकांच्या शिरेत सुई घातलेल्या त्या हाताने सुपारी फिरवली, मग निरांजन. सिन्से अगदी स्तब्ध बसले होते, थिएटरमध्ये उभे राहत असतील तसे. ओवाळून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं की आता मी काय करायचं.

"आमच्याकडे भाऊ ओवाळणी देतो," बाई म्हणाल्या. "मला तुमच्या अंगातला स्वेटर पाहिजे."

ते गोंधळले, पण सभ्य माणूस, त्यांनी काढून दिला. बाईंनी त्याची नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "आता ऐका. आजपासून मी तुमची डॉक्टर नाही. मी तुमची बहीण आहे. डॉक्टरला तोंड बंद ठेवावं लागतं. बहिणीला नाही."

आणि त्या वळल्या. दोन्ही हातांवर तो स्वेटर घेऊन त्या चिलीच्या बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तीही उठून उभी राहिली. तिला कळलं होतं. केक बाजूला ठेवून तिने हात पुढे केले.

"मी याच्या घरची आहे," बाई म्हणाल्या. "हा येऊ शकत नाही म्हणून मी त्याच्या वतीने मागायला आलेय. माझ्या भावाला..."

"थांबा," सिन्से म्हणाले.

ते उठले होते. नुसत्या शर्टवर, कपाळाला कुंकू आणि केसांत तांदळाचे दाणे, असा तो म्हातारा माणूस टेबलाला धरून उभा होता. म्हणाले, "मला वास येत नाही. कोविड झाला तेव्हापासून. तुमचं पान सौम्य नव्हतं, मला काहीच कळलं नाही. मी दर बुधवारी तुमचं नाक वापरलं आणि तुम्हाला विचारलं नाही." त्यांनी टेबल सोडून दोन्ही हात जोडले. म्हणाले, "आता विचारतो. मला मदत कराल?"

तिने स्वेटर घेतला आणि छातीशी धरला. म्हणाली, "कधीची वाट बघतेय." मग केक कापला, कारण तो आता निरोपाचा राहिला नव्हता.

पुढे जे सुरू झालं त्याला उपचार म्हणावं की गोंधळ, हे मला अजून कळलेलं नाही. बाईंनी डॉक्टरकीचा राजीनामा दिला होता, पण बहीण म्हणून त्या दुपटीने डॉक्टर झाल्या. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग आणि लिंबू हुंगायचं, येवो न येवो, नाकाला शिकवायचं, असा त्यांचा हुकूम. सिन्से स्वतःच्या चेहऱ्याला सुया टोचून, नाकासाठी म्हणून कसल्याशा कळ्यांचा काढा घेऊन बसायचे. चिलीची बाई तिची तिखट पानं द्यायची, पण आधी त्या पानाशी बोलायची अट. सिन्से पहिल्यांदा पानाशी बोलले तेव्हा त्यांना काय बोलावं सुचेना, त्यांनी त्याला हवापाण्याबद्दल विचारलं. आणि दर शनिवारी ती उघडपणे हाउन्सलोला जायची, खण उघडायची, हुंगायची आणि मोठ्याने सांगायची. सिन्सेंनी पेशंटनाही सांगून टाकलं की माझं नाक सध्या या बाईंकडे आहे. काही पेशंट गेले, बरेचसे राहिले. दुकानाच्या मालकाला निरोप गेला की जागा सोडत नाही.

वसंतात मला केंब्रिजला नोकरी लागली. खोली सोडताना बाईंनी पुन्हा एकदा माझं तोंड उघडून बघितलं. म्हणाल्या, काही बदल नाही, जा. मी वाकून नमस्कार केला आणि पुन्हा विचारून बघितलं की आता तरी काकू म्हणू का. म्हणाल्या, "विचार करते."

मग एका बुधवारी रात्री जेवायच्या वेळेला त्यांचा फोन आला. त्या रडतायत की हसतायत तेच मला आधी कळेना.

"अगं, आज सिन्से आले," त्या म्हणाल्या. "मी बाहेर निघाले होते, दारातच गाठ पडली. कधी नव्हे ते जवळ आले, नाक वर केलं, थांबले. आणि काय म्हणावं? म्हणे, ताई, तुमच्या कोटाला डांबरगोळ्यांचा फार घाण वास येतो."

मी ताट सोडून उठून उभी राहिले.

"आमचे हे गेल्यापासून हिंमत झाली नाही कोणाची असं म्हणायची," बाई म्हणाल्या. "कोट धुवायला टाकणार होते. आता नाही टाकत. दर बुधवारी घालून बसणार आहे."